घरी सून आहे

मंगळवार, ३ जानेवारी १९८४

यमुताई आली की दुपार माझी. सासूबाईंचं डावं अंग गेलं त्याला दीड वर्ष झालं. वर्षभरापासून नंदनवन वस्तीतल्या केंद्रातून ती दर मंगळवारी येते. औषध देते, तेल चोळते, हातपाय हलवून घेते, मग गप्पा मारत बसते. दवाही आणि सोबतही — सरकारची योजनाच तशी आहे. तेवढा वेळ मी गच्चीवर. उन्हात डोळा लागतो आणि मी थेट खाप्याला, माहेरी. कन्हान नदीचं पाणी घोट्यापर्यंत. वाळू पायाखालून हळूहळू सरकते. कोणी हाक मारत नाही.

शुक्रवार, ६ जानेवारी

केंद्राच्या शोभाताई आल्या होत्या. अनुदान मार्चमध्ये संपतं. पुढे द्यायचं की नाही ते ठरवायला एक साहेब घरोघरी येणार. मी मॅट्रिक, हिशोब ठेवणारी, म्हणून केंद्राचा तक्ता मलाच तपासायला दिला. गोळ्या, तेल, यमुताईचा पगार — सगळं जुळलं. माझी गच्ची कोणत्या खात्यात मांडायची ते कळेना. सोडून दिली.

गणपतीला नारळ बोलले. लहानसा.

मंगळवार, १० जानेवारी

धुकं होतं. आज नदी दिसली नाही, नुसता आवाज.

गुरुवार, १२ जानेवारी

साहेब आले. तरुण, नम्र. चपला बाहेर काढून खाटेपाशी बसले. मला विचारलं, "ताई, यांचं करायला तुम्हाला त्रास होतो का?"

खाटेवर सासूबाई. दारात शेजारची कौशल्या. अशा वेळी घरची सून दुसरं काय सांगणार?

"छे, त्रास कसला? मीच करते सगळं. देवाचीच सेवा."

त्यांनी लिहून घेतलं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. जाताना कौशल्या म्हणाली, "तू त मोठी पुण्यवान हायेस वं!" बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

योजना चालू राहणार. घरं मात्र कमी करायची. आमचं नाव गेलं, पुढच्या मंगळवारपासून यमुताई बंद. साहेबांचा शेरा — 'घरी सून आहे. गरज नाही.' शोभाताईंनी मान खाली घालून सांगितलं. वगळलेल्या घरांची महिनाअखेरीनंतर एकदा फेरपाहणी होईल म्हणाल्या. पण साहेबांना मी आता कोणत्या तोंडाने सांगू?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "यमुताई नव्हती तेव्हा चालतच होतं ना?"

चालतच होतं.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

तेल मीच चोळलं. खाटेशेजारी बसल्याबसल्या डोळा लागला. नदीकाठी सासूबाई उभ्या होत्या, दोन्ही पायांवर. म्हणाल्या, "तू जाय वं पान्यात. मी उभी आहो इथंच." जागी झाले तर त्या टक लावून पाहत होत्या.

"झोपीत रडत होती तू," म्हणाल्या. जीभ जड आहे, पण कळतं.

मी म्हटलं, डोळ्यात तेल गेलं.

शुक्रवार, २ मार्च

नळावर कौशल्येने तोंड फिरवलं. माझी घागर भरली तेव्हा मागून कोणी तरी म्हणालं, "घरची म्हातारी वाऱ्यावर, अन् देवाले निवद!"

माझं काय चुकलं? पूजेतही लक्ष लागलं नाही.

मंगळवार, ६ मार्च

दारात यमुताई! काल रात्री आमचं नाव परत यादीत आलं म्हणे. गुरुवारी मी रेशनच्या रांगेत होते तेव्हा साहेब फेरपाहणीला येऊन गेले. सासूबाईंनी त्यांना सांगितलं, कौशल्येच्या देखत — "सून पाहत नाही मले. एकलीच पडून राहतो."

जन्मात खोटं न बोललेली बाई. खाटेपाशी गेले. "आई, असं काहून सांगितलं?"

"जाय वर," म्हणाल्या आणि डोळे मिटून जप सुरू केला. ओठाचा उजवा कोपरा हसत होता.