अमोनियाचं माप

आई,

इथे नाताळ जवळ आला की किराणा दुकानात एक निराळी फळी मांडतात. वर्षभर या लोकांना वेलचीची आठवण नसते, पण डिसेंबर उजाडला की वेलचीची पूड, अख्खी जायफळं, पिठीसाखर, बारीक मैदा, सगळं एका जागी हजर. दिवाळीच्या आधी तू पुड्या सोडून जमिनीवर मांडून बसायचीस, तसंच दिसतं. या सगळ्याच्या कडेला एक चपटी कागदी पुडी असते. तिच्यावरच्या नावाचा अर्थ होतो हरणाच्या शिंगांचं मीठ. पूर्वी म्हणे खरंच शिंगं जाळून काढायचे. मी पहिल्यांदा ती घेतली तेव्हा नावावरून काहीच उमगलं नव्हतं. खोलीवर आणून कोपरा फाडला आणि नाकात असा झणका गेला की डोळ्यांना पाणी आलं. आपल्या बेकरीतला अमोनिया, नानकटाईत घालतात तो. लालबागच्या बेकरीत चाचा डब्याचं झाकण काढायचा तेव्हा तुम्ही सगळ्या बायका नाकाला पदर लावून मागे सरायच्या, तोच.

ही गोष्ट आजची नाही. मी जर्मनीत आलो त्या पहिल्याच हिवाळ्यातली आहे. तू तेव्हा होतीस. तू पत्रात विचारलंही होतंस, की तिकडे अमोनिया मिळतो का, मिळत असेल तर माप कळवते, म्हणजे तुझी तुला नानकटाई करता येईल. पुडी माझ्या टेबलावर पडली होती. तिच्याच शेजारी कागद ठेवून मी तुला लिहिलं, इथे मिळत नाही. आज मी तुझ्या शेवटच्या वयापेक्षा म्हातारा आहे, आणि तरी ते एक वाक्य माझ्या डोक्यावरून उतरलेलं नाही. माप तुझ्याबरोबर गेलं. ते मी घेतलं नाही, म्हणून गेलं.

मी असा का वागलो हे सांगायचं तर त्या दिवाळीपासून सांगायला हवं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती, आपल्या चाळीच्या भिंतीवर कावेनं 'झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं, आणि बाबा सत्याग्रहात पकडले जाऊन आर्थर रोडच्या तुरुंगात होते. मी दहा वर्षांचा. तू जाहीर केलंस की घरचा माणूस आत असताना कढई चढणार नाही. चकली नाही, करंजी नाही, काही नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, पोरासाठी तरी कर कायतरी." दोन दिवसांनी तूच तोड काढलीस. नानकटाई आपल्या चुलीवर होत नाही, बेकरीच्या भट्टीत होते. तेव्हा ती चालेल. तुझ्या देवाधर्मात अशा खिडक्या पुष्कळ असायच्या आणि त्या कुठे उघडायच्या हे फक्त तुला ठाऊक असायचं.

बेकरीत आपण मैदा, वनस्पती तूप आणि साखर घरून घेऊन जायचो. पत्रे, भट्टी आणि अमोनिया चाचाचा. बायका लाकडी फळीवर आपापलं पीठ मळायच्या, आणि पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. कोणी चारोळी लावायची, कोणी काट्यानं रेघा ओढायची. तू हातातली हिरवी बांगडी कलती करून तिची कड दाबायचीस, आणि प्रत्येक नानकटाईवर अर्धचंद्र उमटायचा. त्या दिवशी बेकरीत सगळा विषय चळवळीचाच होता, कोणाचा नवरा आत, कोणाचा दीर आत. तू काकूंशी बोलत पत्रा आणायला गेलीस आणि जाताना मला म्हणालीस, चाचाकडून चिमटीभर घे आणि पिठात घाल. आता माझं डोकं कुठे चाललं ते ऐक. तुरुंगात मोजून सहाच नानकटाया नेऊ देतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. अमोनियानं नानकटाई फुलते हेही मी बघितलेलं. मग सहा त्या सहा, पण मोठ्या का होऊ नयेत? मी चिमटी सोडून मूठ घातली आणि पीठ सारखं करून ठेवलं.

पत्रा बाहेर आला तेव्हा नानकटाया पुरीएवढ्या पसरल्या होत्या, तडकून काळपट झाल्या होत्या, आणि त्यांचा वास दारापर्यंत गेला होता. चाचा म्हणाला, "बाई, ये नानकटाई है के मुतारी?" सगळी बेकरी हसली. तू हसली नाहीस. रेशनचा मैदा संपला होता, दुसरा घाणा होणार नव्हता. तू त्याच नानकटाया गार केल्यास, पंच्यात बांधल्यास, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन आर्थर रोडला आलीस.

मला तुरुंगातल्या भेटीची ती जाळी अजून दिसते. बाबा पलीकडे उभे आहेत, दाढी वाढलेली. तू जाळीखालून बोचकं पुढे करतेस आणि त्यांनी उघडायच्या आधीच सांगतेस, "माझ्याच हातान जास्ती पडलो." मी तुझ्या मागे लुगडं धरून उभा. बाबा एक तोंडात घालतात, त्यांचे डोळे भरून येतात, पहारेकरी नाक मुरडून तोंड फिरवतो. बाबा म्हणतात, "भायर अश्रुधूर खाल्लो, ह्यो त्याच्या मानान गोड आसा." आणि उभ्या उभ्या चार खातात. चार, आई. तुझी लाज राखायला खातात. तू माझी लाज राखतेस. आणि मी पहारेकऱ्यानं सहाच्या सहा आत जाऊ दिल्या की नाही एवढंच बघत असतो.

परत येताना लालबागच्या नाक्यावर थांबून एवढंच विचारलंस, "मेल्या, कितको घातलंस?" मी मूठ दाखवली. तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी रडून मोकळा झालो असतो. संध्याकाळी तू मला जवळ बसवलंस. चाचाकडून मागून आणलेली अमोनियाची पुडी सोडलीस, बोटांची चिमटी करून दाखवलीस आणि माझा हात मागत म्हणालीस, "हात हाड. माप शिकान घे. उद्या माका काय झाला तर कोण दाखवतलो तुका?" पुडीचा वास आला आणि मला ती जाळी आठवली, बाबांचे डोळे आठवले. मी म्हणालो, "आये, माका नको," आणि गॅलरीत पळालो. तू मागून हाक मारलीस. मी आलो नाही.

त्यानंतर दर दिवाळीला तू एकदा तरी म्हणायचीस, ये रे, बघून ठेव. दर दिवाळीला मला काहीतरी काम निघायचं. आधी पतंग, मग कॅरम, मग अभ्यास. जरा मिशी फुटल्यावर मी हे बायकांचं काम म्हणून हसण्यावारीही नेलं. राज्य झालं, चाळीत पेढे वाटले, बाबा पुन्हा गिरणीत लागले, आणि काही वर्षांनी खोकून खोकून गेले. त्या वर्षी तू नानकटाई केली नाहीस. पुढच्या वर्षी केलीस तेव्हा नानकटाईवर अर्धचंद्र नव्हता, अंगठ्याचा खळगा होता. मी बघितलं आणि खाल्ली.

मग मी इकडे आलो, कारखान्यात काम शिकायला, आणि इथलाच झालो. तुझी पत्रं काकूंच्या अक्षरात यायची, कारण तुला लिहिता येत नव्हतं आणि त्या सातवी शिकलेल्या. तुझं अमोनियाचं पत्र आलं तेव्हा मी खोटं लिहिलं, त्याला दोन कारणं होती. एक तर त्या पुडीची मला खरोखरच भीती वाटायची. दुसरं कारण जास्त वाईट आहे. मिळतो म्हटलं असतं तर तू माप कळवलं असतंस आणि नानकटाईचा डबा आला नसता. मला तुझ्या हातची पाहिजे होती. पंचविशीतला घोडा, परक्या देशात पगार घेणारा, आणि आईनं खाऊ पाठवावा म्हणून खोटं बोलतो. पुढच्या दिवाळीपासून तुझ्या पत्रात एक ओळ ठरून गेली: तिकडे अजून मिळत नाही ना, मग पाठवते. आणि कोणी ना कोणी येणारा गाठून तू डबा पाठवायचीस. निम्म्याचा चुरा झालेला असायचा. मी चुरासुद्धा चमच्यानं खायचो.

शेवटचा डबा मी तीन दिवसांत संपवला. कामावर जाताना, येताना, बूट घालताघालता. नेहमीसारखाच डबा होता, जपून ठेवावा असं त्यात काही नव्हतं. पाच आठवड्यांनी तार आली. मी पोचलो तेव्हा तुझे दिवसवारही होऊन गेले होते. काकूंनी खोलीचं कुलूप काढून दिलं, चहा आणून दिला आणि दारात बसून बोलायला लागल्या. लालबागची बेकरी मधेच बंद पडली होती हे मला ठाऊकच नव्हतं. तिथली भट्टी विझली आणि चाचा भायखळ्याच्या एका बेकरीत कामाला लागला, म्हणून तूही भायखळ्याला जायचीस. गुडघे धरलेले, तरी तीन जिने उतरून, मैद्याचा डबा काखेत घेऊन, चालत. रांगेत उभं राहवत नाही म्हणून डबा पालथा घालून त्यावर बसायचीस. "सगळ्या चाळीला सांगायची," काकू म्हणाल्या, "गोऱ्यांची एवढी सुधारणा, पण साधा अमोनिया मिळत नाय म्हणून."

मी हसलो. काकू हसल्या नाहीत. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तिनं मला शपथ घातलेली. आता ती नाय, म्हणून सांगते. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवाळीला चाचा तिला बोलला, बाई, तुम्हारा लडका जर्मनी में है ना? ये माल उधर का ही है. आणि डबा दाखवला. जुना पत्र्याचा डबा. मी वाचून बघितलं, जर्मनीच लिहिलेलं होतं. मला वाटलं आता ही तुझ्यावर भडकणार. तर म्हणते कशी, तेका करूचा नसात. मी आसय तवसर करतंय."

दुसऱ्या दिवाळीला. म्हणजे त्यानंतरचं प्रत्येक पत्र तू माहीत असून लिहवून घेतलंस. अजून मिळत नाही ना, मग पाठवते. मी काकूंसमोर रडलो नाही, मला रडूच आलं नाही. मी फक्त विचारलं, माप तुम्हांला ठाऊक आहे का? त्या म्हणाल्या, "नाय रे. ती पीठ बघून घालायची. तुला दाखवीन म्हणायची."

तेव्हापासून दर डिसेंबरला मी ती पुडी आणतो. पहिल्या वर्षी कडक झाली, दुसऱ्या वर्षी बसली, एकदा तर इतका वास सुटला की शेजारीण विचारायला आली. मग मी वहीत लिहून ठेवायला लागलो, कोणत्या वर्षी किती घातला ते. माझी बायको इथलीच आहे. तिला वाटतं हा माझा छंद आहे, आणि मीही तसंच वाटू दिलंय. आज दुपारी केलेली फार चांगली झाली. वरून तडकलेली, आत खुसखुशीत, वास अगदी पुसट. तिनं एक खाल्ली, दुसरी घेतली आणि विचारलं, तुझ्या आईची अशीच असायची का?

मी म्हणालो, हो, अगदी अशीच.

ती झोपली आहे का बघून आलो आणि हे लिहायला बसलो. हे पत्र पाकिटात घालायचं नाही, वर पत्ता काय लिहिणार? तुझ्याशी खोटं बोललो ते तुला कळलंच होतं, त्याची माफी मागून आता कोणाला काय मिळणार. पण आज तिला जे सांगितलं ते निदान तुला तरी खरं सांगायला हवं. आई, तुझ्या नानकटाईची चव मला आठवत नाही. बरीच वर्षं आठवत नाही. एखाद्या वर्षी मला नेमकं माप साधलंही असेल, आणि मला ते कळलं नसेल.