शेखररावांची उल्का आणि माझी फरशी

नाशिक, रविवार

ती. अक्कास,

धाकट्या धोंडीरामचा येवल्याच्या दिशेने वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मागावर फार वेळ बसू नकोस. माझं विचारशील तर तब्येत उत्तम, जीव तेवढा जळतोय.

कारण आमचे साडू, शेखरराव. त्यांची तेजस्विनी उल्केतल्या दगडांचा अभ्यास करते, म्हणून गंगापूर रोडच्या एका हॉलात तिचं भाषण होतं. शेखरराव दारात असे उभे, जणू उल्का त्यांनीच झेलली! (तुझी भावजय म्हणाली, "लेकीचा बाप आहे, मिरवणारच." आमच्या घरी मिरवायला कोण आहे?) पोरगी सांगत होती, साध्या स्फटिकात अणू फरशीसारखे बसतात, एकच नक्षी पुन्हा पुन्हा. पण उल्केतल्या एका कणात, मोहरीहून बारीक हो, ॲल्युमिनियम, तांबं आणि लोखंडाचे अणू पाच कोनांच्या ठेवणीत सापडले. सगळं शिस्तीत, तरी नक्षी ठरावीक अंतराने परत येतच नाही. अवकाशात दगडावर दगड आदळून तो कण घडला म्हणे.

आता मी तीस वर्षं फरश्या बसवतोय. उठलोच. म्हटलं, "पंचकोनी फरशी बसत नाही, फट राहते."

शेखरराव कुजबुजले, "धोंडीरामराव, खाली बसा."

पण तेजस्विनी म्हणाली, "काका, बरोबर. नुसत्या पंचकोनाने नाही जमत."

नुसत्या म्हणजे? घरी येऊन मी स्वयंपाकघराची चांगली फरशी उखडली आणि पंचकोन कापत बसलो. तुझी भावजय दहा दिवस अंगणात स्वयंपाक करत होती आणि फटी काही मिटेनात. शेवटी तिनेच (मला न विचारता) तेजस्विनीला बोलावलं. पोरगी आली, ओढणी खोचून खाली बसली, पत्त्यातल्या चौकटीसारखे पुठ्ठ्याचे दोन आकार कापले, एक जाड, एक बारीक. म्हणाली, "हे दोन्ही मिळून बसवा." संध्याकाळपर्यंत एक फट नाही! मध्येमध्ये पाच पाकळ्यांची फुलं. जाताना म्हणाली, "काका, बाबा फक्त टाळ्या वाजवतात हो. तुम्हाला कळलं." अक्का, मी पाठ फिरवून सिमेंट कालवत बसलो. कालवायचं काही उरलं नव्हतं.

आता शेखररावांना तसलीच फरशी दिवाणखान्यात हवीय.

तुझा,
धोंडीराम

ता.क. ते मला तुझ्यामार्फत गळ घालतील. सांग, धोंडीरामची कंबर धरलीय.

ता.क. २. कंबर ठणठणीत आहे. येत्या शनिवारी तेजस्विनीच्या कॉलेजात मुलांसमोर मीच ही फरशी मांडून दाखवणार आहे. तू काहीही करून ये, शेखररावांच्या शेजारची खुर्ची धर आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहा. मी ओणवा असेन, मला दिसणार नाही. नंतर सगळं नीट सांग.