सभागृहातला लांबलेला शुक्रवार

राजधानी,
शनिवार, ८ एप्रिल १९११

प्रिय इंगेबोर्ग,

मी ठणठणीत आहे. खाणावळीतलं जेवण बरं असतं, खोकलाही गेला. रागावली असशीलच, पण आधी हे वाच.

कायद्याने आमचं अधिवेशन काल, शुक्रवारी, दुपारी बाराला संपायला हवं होतं. पण कामं उरली की आमचा कारकून शिडीवर चढतो आणि सभागृहातलं घड्याळच थांबवतो, म्हणजे बारा वाजतच नाहीत. कालही त्याने पावणेबाराला तेच केलं. लाकूड कापायच्या गिरण्यांत करवतीला जाळी लावण्याचं माझं विधेयक यादीत शेवटचं होतं. आज पहाटे गाडी गाठायला मी टोपी उचलली, तर शेजारचा म्हातारा कटलर म्हणाला, "निघालास कुठे? तू गेलास तर एका मताने पडेल ते. पोरीचं लग्न शनिवारी ना? मग बस की, इथे अजून शुक्रवारच आहे!"

सगळे हसले. मी बसलो.

आज दुपारी तीनला विधेयक एका मताने मंजूर झालं. आपल्या जावयाची बोटं तरी आता शाबूत राहतील.

सिग्रिडचा हात धरून चर्चमध्ये कोण चाललं? तुझा भाऊ? ती रडली का गं?

अधिवेशन शुक्रवारी बाराला संपलं, असंच नोंदवहीत लिहिलंय. त्याला मीही हात वर केला. पुढे कधी तिने ते वाचलं, तर तिला वाटेल, बाप आदल्याच दिवशी मोकळा होता. म्हणून हे पत्र तिच्यासाठी जपून ठेव. वरची तारीख मी मुद्दाम ठळक लिहिली आहे.

सोमवारच्या गाडीने निघतो.

तुझाच,
हाल्वर