कान माझे, नॉब त्याचे

१७ एप्रिल, किहीम
सिंथ, म्हणजे आमचा कीबोर्ड, दुरुस्तीहून आला. चालू होतो, पण मेमरी कोरी. माझ्या नवऱ्याने, संदेशने, इतक्या वर्षांत बसवलेले सगळे आवाज गेले. कंपनीचे तेवढे राहिलेत. मेकॅनिक म्हणाला, "कॉपी असेल ना, वहिनी?" नाही.
तापात दोन्ही कान गेल्यापासून तो आमच्या बँजो पार्टीत वाजवायला येत नाही. मीच वाजवते, पण आवाज त्याचे. तेवढंच त्याचं उरलं होतं. कसं सांगू?
रविवारी थळला हळदीत वाजवायचंय.

१८ एप्रिल
नाही सांगितलं. दुपारभर एकटीच सनईचा आवाज करत बसले, अगदी कोऱ्यापासून. डास गुणगुणल्यासारखी. मधे एकदा बरी जमली होती, मग आणखी नॉब फिरवले आणि ती परत सापडेना. रडू आलं. वर बघते तर संदेश दारात. त्याने स्क्रीन वाचली, त्याचे आवाज तिथे नव्हते. वाडीत निघून गेला.

१९ एप्रिल
सकाळी मोबाइलवर टाइप करून समोर धरलं: शिकव.
"मला ऐकू येत नाही. काय शिकवू?" केवढ्याने बोलला. आवाजाचा अंदाजच राहिलेला नाही त्याला.
तरी बसला. "कोऱ्यापासून कशाला? जन्म जाईल. जवळचा आवाज घे. ओबो घे, विलायती सनईच ती, त्याची कॉपी कर." मग आधी सूर उठतो कसा, विझतो कसा, तेवढंच. रंग नंतर. एका वेळी एकच नॉब. बरं वाटलं की लगेच सेव्ह, दुसऱ्या जागी, म्हणजे बिघडलं तर मागे येता येतं. काल हे माहीत असतं तर...
"आता कसा येतोय?"
लिहिलं: नाकातून.
"किती?"
नाकातून किती, हे कसं लिहितात? चिडून उठला. जेवलाही नाही.

२० एप्रिल
नवरीच्या आईचा फोन. "वयनी, सनय वाजल ना? न्हाय तर आत्ताच सांगा, दुसरी पार्टी बघतू." वाजेल म्हटलं. कशाच्या जोरावर?
आज लिहिलं नाही. स्वतःचं नाक चिमटीत धरलं, मग थोडं सोडलं. एवढं. तो हसला. तापानंतर पहिल्यांदा. मी नाक धरत-सोडत गेले, तो फिल्टरचा नॉब फिरवत गेला. सनई उभी राहिली. तिचीच कॉपी करून पुढचे आवाजही लवकर झाले.
स्पीकरवर तळवा ठेवून म्हणाला, "माझ्यासारखी झाली?"
हो म्हणून मान हलवली. खरं तर झालेली नाही.

रविवार, थळ
वाजवलं. बायका दमेपर्यंत नाचल्या. फरक कुणालाच कळला नाही. मला त्याचंच जास्त लागलं. संदेश आला होता, मागे खुर्चीत बसून नाचणाऱ्यांचे पाय बघत होता.

मंगळवार, मांडव्याची बोट
मुंबईच्या डॉक्टरांकडून परत. त्यांच्या तोंडावर मास्क, संदेशला ओठ दिसेनात. बोटीत बसल्यावर विचारलं, "काय म्हणाले?"
टाइप केलं: ऑपरेशन करून कानात यंत्र बसवता येईल. बोलणं कळेल.
"मग करू," म्हणाला. मांडीवर बोटं वाजवतोय. कुठलं गाणं, ओळखू येत नाही.
गाणं पूर्वीसारखं ऐकू येईलच असं नाही, हेही डॉक्टर म्हणाले. ते वाक्य टाइप केलंय. फोन अजून माझ्याच हातात.