उलट्या चादरीचा घोडा

साखर पेठ, सोलापूर
२१ जानेवारी

चि. हेमावतीस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. अजिंक्यरावांना नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आले. पाळण्यात बसायला सोबत नव्हती, नुसतीच फिरले.

तू गेमची लिंक पाठवलीस, खाली एक अक्षर नाही. इतक्या वर्षांनी बहिणीला असं पाठवतात का गं? म्हटलं, बाईसाहेब मोठ्या चित्रकार झाल्या, कौतुक हवं असेल. म्हणून उघडली. ते दोन चंद्रांचं राज्य, बर्फाचे किल्ले, काही माझ्या डोक्यात शिरेना. मग लढाई संपते आणि तो काळा घोडा रणांगणावर एकटाच उरतो. स्वार पडलेला. दुसऱ्या कुणाला पाठीवर बसू देत नाही. स्वाराजवळ जातो आणि डावा गुडघा आधी टेकतो.

हेमे, डावा गुडघा आधी कोण टेकायचं? मागावर उभं राहून अप्पांचा उजवा धरलेला असायचा. तरी कारखान्यातून आले की पाठीवर चादर घेऊन घोडा व्हायचे आणि आपण दोघी वर.

मी फोन अप्पांपुढे धरला. तुझं नाव घेतलं नाही. तू त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलीस तेव्हापासून घरात ते घ्यायची सोय नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "घोड्यावर चादर उलटी घातलीय की."

मला ते दिसलंच नव्हतं. सुलटी बाजू गिऱ्हाइकाची, खेळायचं तर उलटी वर घाला, हा त्यांचाच नियम. लालच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी लाल. दुसऱ्या कुठल्या चित्रकाराला हे सुचेल?

"कुनी काडलंय हे?"

मी फोन आणखी जवळ नेला.

"हेमीनंच," म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

आता खरं लिहिते. बरे आहोत हे खोटं. दिवाळीनंतर अप्पांची उजवी बाजू गेली. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. बोलणं जड झालंय. डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत. रोज दुपारी मला फोनवर तो गेम लावून द्यायला सांगतात आणि तो घोडा बघत पडून राहतात. काल विचारत होते, "त्याला घरी न्हेत न्हाय व्हय कुनी?"

मला तुझी फार आठवण येते गं. भाकरी थापताना येते, कपडे वाळत घालताना येते. अप्पा तुला ये म्हणणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी म्हणते. अजिंक्यरावांना घेऊन ये. उशीर करू नकोस.

खाली नाव घालण्याआधी अप्पांना हे सगळं वाचून दाखवलं. शपथ मोडल्याबद्दल रागावले नाहीत. 'अजिंक्यरावांना घेऊन ये' इथं मीच अडखळले. वाटलं, आता खोडायला लावतील.

म्हणाले, "फुडं वाच."

दाराशी उभी,
तुझी दाक्षायणी अक्का