आमच्या न्हाणीघरातल्या मुताऱ्या

तीर्थरूप आईस,
तुझ्या खलाशी लेकीचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवते भरपूर, आणि बोट आता पूर्वीसारखी लागत नाही. बाबांचा खोकला थांबला का? ताईचे दिवस भरत आले असतील ना?

इथली गंमत ऐक. युद्धनौकेवर आम्हा मुलींना मिळालेलं न्हाणीघर आधी पुरुषांचं होतं. त्यांच्या मुताऱ्या भिंतीला तशाच आहेत. "काढून टाका," म्हटलं तर नळ-मोऱ्यांचे साहेब म्हणाले, "नियमात आहेत, म्हणजे राहणार." वर आम्हीच रोज त्यांत पाणी सोडून बघायचं आणि 'वापरात आहेत' म्हणून सही करायची!

मी म्हटलं, "साहेब, कोण वापरतं ते दाखवा, लगेच सही करते."

प्रकरण कप्तानांपुढे गेलं. ते हसू दाबत म्हणाले, "एका सहीनं तुझं काय जातंय?"

"काहीच जात नसेल तर तुम्हीच करा ना, साहेब."

त्यांचं हसू मावळलं आणि माझी सुट्टी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलींनीही सही नाकारली. आता नळवाले साहेब रोज स्वतः पाणी सोडायला येतात, आणि आमच्या अंघोळी होईपर्यंत दाराबाहेर ताटकळतात.

ताईच्या बाळंतपणाला मात्र मी नसेन. हे लिहिताना हात अडला गं. माफी मागितली तर सुट्टी मिळेल म्हणतात. मी मागणार नाही. बाळ झालं की त्याच्या कानात सांग, मावशी उशिरा येईल, पण ताठ मानेनं येईल.

तुझीच हट्टी,
धाकटी