जिन्यावरचा बीम

३ मार्च
ताईच्या नव्या घराच्या नकाशाचं काम घेतलं. "तूच काढायचास, दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही," म्हणाली. पंचवीस वर्षं आर्किटेक्टचं ऑफिस चालवतोय, घरच्यांनी प्रथमच विश्वास टाकला! बायकोला अजून वाटतं मी कॉम्प्युटरवर रेघोट्या मारतो.

९ मार्च
इंजिनियरचा बीमचा नकाशा आला. माझ्या नकाशावर ठेवून पाहिला — अरे देवा! माझ्या सुबक जिन्यावरून दोन तुटक रेषा आडव्या! पायऱ्या कुठल्या आणि बीम कुठला, काही कळेना. या इंजिनियर लोकांना दृष्टीच नाही.

१० मार्च
नवी ड्राफ्टिंगवाली एवढीशी, शंका मात्र डोंगराएवढ्या. तिला म्हटलं, त्या रेषांवर पांढरा मास्क टाक. खालचं सगळं झाकलं जातं, प्रिंटमध्ये मागमूस राहत नाही.
"पण सर, बीम खरंच तिथे येतोय. जिन्याचा उभा छेद, सेक्शन, काढून वर किती उंची राहते बघू का? कदाचित डोक्याला लागेल."
कदाचित म्हणे! मी म्हटलं, बीम इंजिनियरच्या नकाशात आहे ना? मग तो त्याने बघावा. माझ्या नकाशात घाण नको.
तिने मास्क टाकला. जिना काय खुलला!

११ मार्च
ताई प्रिंट बघून हरखली. "किती स्वच्छ रे!" फ्रेम करणार म्हणते. भावोजींनी उलटी धरली होती, तरी मान डोलावली.

२ जून
कंत्राटदाराचा फोन. "साहेब, बीम तुमच्यात नाही, इंजिनियरच्यात आहे. काय करू?" म्हटलं, दोन्ही करा! एवढंही माझ्याकडून शिकायचं?

२४ जून
काँक्रीटखालच्या फळ्या निघाल्या. ऐटीत जिना चढलो. सातव्या पायरीवर काडकन कपाळमोक्ष!
टेप लावला. पायरीपासून बीमपर्यंत पाच फूट. कंत्राटदाराचा टेप मागून पुन्हा मोजलं. पाचच.
इंजिनियर म्हणाला, "अख्खा मजला त्या बीमवर आहे. हात लावायचा नाही." जिना सरकवायला जागा नाही. ड्राफ्टिंगवालीने शेजारी उभं राहून आकडा वहीत उतरवून घेतला. बोलली असती तर निदान खेकसता आलं असतं.
मीच केलं हे. ताईला कुठल्या तोंडाने सांगू?

२५ जून
नाही सांगितलं.

२६ जून
आजही नाही. फोन तिचा दोनदा येऊन गेला. बायकोला म्हटलं, मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग. ती म्हणाली, "पलंगावर?"

१८ ऑक्टोबर
ताई राहायला गेली. जेवायला बोलावलं होतं. शेजारीण वरची खोली बघायला निघाली, तशी ताई स्वयंपाकघरातून ओरडली — "वाका हं! भावाने मुद्दाम तसं केलंय. आमच्याकडे येणाऱ्याने वाकून यावं म्हणून!"
सगळे हसले. ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त पानात भात वाढला. मी तिला अजूनही सांगितलेलं नाही.